तुमचे प्रश्न: अभ्यासात कोण होतं आणि कोण नव्हतं?

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की रिसर्च करणारा माणूस आधी काहीतरी गृहीत धरतो आणि मगच मोजायला बसतो, आणि जे गृहीत धरलंय त्याबद्दल पेपरमध्ये सहसा एक ओळही नसते. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, रागावू नका, सारखे प्रश्न मी एकत्र केलेत.

प्रश्न: डॉक्टर, मी ३१ वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं. मूल्यं धर्मात असतात, राजकारणात असतात, विज्ञानात फक्त पुरावा असतो असंच मुलांना सांगत आलो. आता तुम्ही म्हणता विज्ञानातही मूल्यं असतात. मग आमचे जावई म्हणतात तेच खरं का, की सगळा रिसर्च विकला गेलाय? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, नमस्कार. जावईबापूंचं खरं नाही. पण तुम्ही मुलांना सांगत आलात त्यातही थोडी भर घालावी लागेल. थर्मामीटर १०१ दाखवतो तेव्हा तो तुमचा धर्म बघत नाही, पक्ष बघत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण थर्मामीटर कुणाच्या तोंडात ठेवायचा, कितीच्या वर गेला की 'ताप' म्हणायचं, आणि कुणाला ताप आहे की नाही हे बघायचीच गरज नाही, हे सगळं माणूस ठरवतो, आणि ठरवताना त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते आत येतंच. मी मूल्यं म्हणते ती ही.

एक गोष्ट सांगते, माझ्या मनातून ती कधीच गेली नाही. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डला डॉ. कंवलजीत आनंद नावाचे तरुण डॉक्टर काम करत होते, आपल्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून गेलेले. त्यांच्या लक्षात आलं की अपुऱ्या दिवसांची बाळं वॉर्डातून ऑपरेशनला जातात आणि परत येतात तेव्हा जाताना होती त्याहून कितीतरी खालावलेली असतात. खोलात गेल्यावर कळलं की इतक्या लहान बाळांना ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले पाडायचं औषध आणि जोडीला थोडा नायट्रस ऑक्साइड हा हलकी गुंगी आणणारा वायू, एवढ्यावरच भागवत होते. म्हणजे बाळ हलू शकत नाही, रडू शकत नाही, आणि वेदना थांबवणारं धड काहीच नाही. छाती उघडून हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन, सर! आणि हे बऱ्याच ठिकाणी चालू होतं, कारण बहुतेक जण धरून चालले होते की नवजात बाळाच्या नसा पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्याला मोठ्या माणसासारखं दुखत नाही.

आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं, काही बाळांना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं आणि काहींना नाही, आणि रक्तातली ताणाची हार्मोन्स मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांचं शरीर ऑपरेशनने तेवढं हादरलं नाही आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७च्या जानेवारीत लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एक आई, जिचं बाळ असंच भूल न देता ऑपरेशन करून नंतर गेलं होतं, ती जाहीरपणे बोलायला लागली, आणि मग ही पद्धत बदलत गेली.

यात कुणी पैसे खाल्ले होते का? नाही. बाळाला भूल दिली तर बाळ दगावेल ही भीती खरी होती, ते डॉक्टर निष्ठुर नव्हते. पण एका बाजूला औषधाचा धोका आणि दुसऱ्या बाजूला बोलता न येणाऱ्या जिवाचं दुखणं असा तराजू होता, आणि दुसऱ्या पारड्यात काही आहे हेच कुणी बघितलं नाही, ते पारडं रिकामं धरूनच निर्णय झाले. मी त्या वेळी एमबीबीएसला होते आणि आम्हालाही बाळाच्या दुखण्याबद्दल कुणी एक अक्षर शिकवलं नव्हतं. जावईबापूंना हेही सांगा की ती चूक बाहेर काढली ती विज्ञानानेच, हार्मोन्स मोजूनच. फक्त ते मोजावं असं कुणाला तरी आधी वाटावं लागलं.

प्रश्न: माझं वजन ५२ किलो, बीएमआय २२, सगळे मला 'काडी' म्हणतात. तरीही शुगर निघाली. डाएटवाली म्हणते बीएमआय नॉर्मल आहे, मग डायबिटीस कसा? रिपोर्ट चुकला असेल का? (गृहिणी, नाशिक)

ताई, शुगर दोनदा तपासून निघाली असेल तर रिपोर्ट चुकलाय असं धरून बसू नका, औषध चालू ठेवा. तुमच्या बाबतीत चुकतेय ती बीएमआयच्या 'नॉर्मल'ची समजूत.

बीएमआयचं सूत्र, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १९व्या शतकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने काढलं, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं, आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. १९७२ साली अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, आणि त्याने ते तपासलं ते फक्त पुरुषांवर. २५च्या वर जाड ही रेघ आखली गेली ती मुख्यतः गोऱ्या लोकांच्या आकडेवारीवरून. त्या रेघेत एक गोष्ट मुकाट्याने धरलेली आहे, की सारख्या वजन-उंचीच्या माणसांच्या अंगात चरबीही साधारण सारखीच असणार.

आता आपल्या पुण्याचं ऐका. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघांनी अंगातली चरबी मोजून घेतली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दुप्पटीहून जास्त. दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला, बघणाऱ्याला दोघेही सडपातळच दिसतात. याज्ञिक सरांच्या टीमने त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचं जे कमी होतं ते स्नायूंचं आणि अवयवांचं, चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे काडी दिसणारं बाळसुद्धा आतून चरबी राखून येतं.

म्हणून आपल्याकडे आता २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठ असं धरतात. आणि कंबर मोजा, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९०च्या आत. डाएटवालीला भांडू नका, तिच्या तक्त्यात जे आहे ते ती सांगतेय, पण कंबरेचा टेप तिच्यापुढे ठेवा. आणि 'काडी' म्हणणाऱ्या घरातल्या सगळ्यांची पण शुगर एकदा बघून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी एमएस्सी नर्सिंगला आहे. थिसिसच्या सिनॉप्सिसमध्ये गाईडने मला सांगितलं की फक्त पुरुष पेशंट घे, बायका घेतल्या तर पाळीमुळे रीडिंग्ज वरखाली होतात, डेटा क्लीन राहत नाही. मला पटत नाहीये पण उलट कसं बोलू? (विद्यार्थिनी, लातूर)

अगं, तुला पटत नाही हे वाचूनच मला बरं वाटलं. गाईडशी वाद घालू नकोस, प्रश्न विचार. कसा ते सांगते.

मी काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासांना परवानगी देणाऱ्या समितीवर होते. नियमाप्रमाणे तिथे एक सामान्य नागरिक सदस्य असावा लागतो, आमच्याकडे एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. एकदा दुखण्यावरच्या औषधाचा प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा आला, दोनशेएक पानांची फाईल, दुपारी जेवणानंतरची मीटिंग, सगळ्यांना घरी जायची घाई. कुणाला घ्यायचं नाही त्या यादीत सातव्या नंबरला ओळ होती, 'मूल होण्याच्या वयातील स्त्रिया'. आम्ही डॉक्टर मंडळींनी पान उलटलं सुद्धा होतं, कारण ही ओळ आम्ही इतक्या फाइलींमध्ये वाचली होती की ती डोळ्यांना दिसतच नव्हती. बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग उद्या हे औषध दुकानात आलं की बायकांना देणार नाही का?" कुणी काही बोललं नाही. ट्रायल करणारे डॉक्टर म्हणाले ही ओळ स्टँडर्ड आहे, सगळ्या प्रोटोकॉलमध्ये असते. बाई म्हणाल्या, "असेल, पण का असते?" शेवटी प्रोटोकॉल परत गेला आणि बदलून आला, गरोदर नसल्याची टेस्ट करून आणि गर्भनिरोधाची काळजी घेऊन बायकांना घ्यायचं ठरलं. सत्तावीस वर्षं पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय शिकवलेली मी, आणि तो प्रश्न मला सुचला नव्हता, याची खंत मला अजून आहे.

त्या ओळीला इतिहास आहे. गरोदर बायकांना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या धसक्याने १९७७ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या ट्रायलमधून बाहेर ठेवायला सांगितलं. हेतू संरक्षणाचाच होता. पण झालं असं की औषध तपासलं पुरुषांवर आणि घेतलं दोघांनी. १९९३ला ती सूचना मागे घेतली. झोपेच्या झोलपिडेम गोळीचं बघ, १९९२च्या शेवटी अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली, आणि बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना सुद्धा रक्तात धोकादायक प्रमाणात असू शकते, म्हणून बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला एफडीएला २०१३ साल उजाडलं. वीस वर्षं बायका त्या गोळीचा दुप्पट डोस घेत होत्या.

तर गाईडना अगदी नम्रपणे विचार, "सर, रिझल्ट आल्यावर तो आपण बायकांना लागू करणार का?" ते हो म्हणाले तर बायका सॅम्पलमध्ये हव्यात, पाळीचा दिवस एक कॉलम म्हणून नोंदवता येतो, त्यात अवघड काही नाही. नाही म्हणाले तर थिसिसच्या टायटलमध्येच 'पुरुष पेशंट' असं स्पष्ट लिही, म्हणजे निदान वाचणाऱ्याची फसगत होणार नाही. पाळी म्हणजे डेटातली घाण नव्हे गं, अर्ध्या पेशंटचं शरीर तसंच चालतं.

प्रश्न: नाव छापू नका. लग्न झाल्यापासून अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. सरकारी दवाखान्यात गेलं की विचारतात मुलं किती, ऑपरेशन झालंय का, तांबी बसवायची का. दुखण्याचं कुणी विचारत नाही. याच्यावर कुणी अभ्यास करत नाही का?

बाई, केलाय, आणि तुमच्यासारख्याच बायकांनी तो करायला लावला. डॉ. राणी बंग गडचिरोलीत काम करायला लागल्या तेव्हा गावातल्या बायका त्यांना हीच दुखणी सांगत होत्या. वैद्यकीय पुस्तकांत मात्र गावातल्या बायकांच्या या आजारांचं प्रमाण किती याचा आकडाच नव्हता, जे होतं ते दवाखान्यात आलेल्या बायकांवरून. दवाखान्यात येऊच न शकणाऱ्या बाईला मोजणार कोण? म्हणून त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा आजार निघाला. आणि त्यातल्या फक्त ८ टक्के बायकांची आधी कधी आतून तपासणी झाली होती. जानेवारी १९८९ला हे लॅन्सेटमध्ये आलं आणि जगभर त्याची चर्चा झाली.

त्याआधी सरकारं काय, मोठमोठ्या संस्था काय, 'स्त्रियांचं आरोग्य' म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरून चालत होत्या, पैसा तिथेच, सर्व्हे तिथेच, आकडे तिथलेच. बाईच्या शरीराकडे बघायचं ते मूल होतंय की थांबवायचंय एवढ्यापुरतं. तुम्हाला दवाखान्यात जे तीन प्रश्न विचारतात ना, ते त्याच जुन्या समजुतीतून आलेत, इतकी वर्षं झाली तरी केस पेपरवर तेच छापलेले असतात. याचा मला मनापासून राग येतो.

तुम्ही एवढं करा, यावर इलाज आहे, बऱ्याचदा साध्या गोळ्यांनी बरं होतं. दवाखान्यात आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला, "मला पांढरं जातं, मला आतून तपासा." ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आशाताईंना विचारा. वास येत असेल, रक्त जात असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल तर थांबू नका, याच आठवड्यात जा.

प्रश्न: कोविडमध्ये आम्ही घेतलेला ऑक्सिमीटर सावळ्या माणसाला चुकीचं दाखवतो असं मुलगी म्हणते. खरं का? (डोंबिवली)

खरं आहे. काळ्या त्वचेच्या माणसात तो रक्तातला ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये छापलं, की मशीनवर ९२ ते ९६ दिसत असताना प्रत्यक्ष धमनीतलं रक्त तपासलं तर ८८च्या खाली गेलेला ऑक्सिजन काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा निघाला, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. मशीन प्रकाश आरपार पाठवून मोजतं आणि त्वचेतलं रंगद्रव्य काही प्रकाश शोषतं, हे त्याचं कारण. यंत्र फेकून देऊ नका, पण आकडा चांगला दिसतोय आणि माणसाला धाप लागलीय तर माणसावर विश्वास ठेवा, आकड्यावर नको.

प्रश्न: माझ्या आजोबांना टीबीसाठी मिरजेकडे सॅनेटोरियममध्ये वर्षभर ठेवलं होतं, दूध, अंडी, आराम. आता पुतण्याला टीबी झाला तर नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. तेव्हा आहार महत्त्वाचा होता आणि आता नाही, असं कसं? (इचलकरंजी)

तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण यात गृहीत धरणं दोन्ही बाजूंनी झालंय.

आजोबांच्या काळी सगळं जग मानायचं की टीबीला स्वच्छ हवा, आराम आणि चांगलंचुंगलं खाणं यांशिवाय इलाज नाही, म्हणजे सॅनेटोरियम पाहिजेच. पण भारतात पेशंट लाखांनी आणि खाटा काही हजार. मग १९५६ला मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झालं, आयसीएमआर ही आपली वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, डब्ल्यूएचओ आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल मिळून. तिथे १९३ पेशंट घेतले, गरीब वस्तीतले, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना गोळ्या देऊन घरीच, कुणी कुठे जायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. घरचे पेशंट दाटीवाटीच्या खोल्यांत राहिले, कामाला गेले, त्यांचं जेवणही कमी होतं. वर्षाच्या शेवटी बघितलं तर बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच! शिवाय घरी ठेवल्यामुळे घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ला हे छापलं गेलं आणि जगात टीबीचा उपचारच बदलला. घरदार सोडून वर्षभर लांब पडून राहायची शिक्षा लाखो लोकांची टळली, ही केवढी मोठी गोष्ट.

आता पुढचं. त्या अभ्यासाचा प्रश्न होता, गोळ्या मिळाल्या तर घरी राहून माणूस बरा होतो का? उत्तर आलं, होतो. पण हळूहळू लोकांनी त्याचा अर्थ काढला की टीबीत जेवणाचं काही नाही, गोळ्या मोजून दिल्या की झालं. हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता! घरातल्या बाकीच्यांना टीबी होऊ नये यासाठी जेवण किती कामाचं, हे तर नाहीच. आणि एका चांगल्या अभ्यासाच्या उत्तरावर दुसरंच गृहीत उभं राहिलं आणि कित्येक दशकं टिकलं. औषध विकत आणून वाटता येतं, त्याचा हिशोब सोपा, भुकेचा हिशोब मांडायचा तर रेशन, मजुरी, जमीन सगळंच काढावं लागतं, म्हणूनही ते सोयीचं पडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२३ला झारखंडचा रेशन्स नावाचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. टीबीच्या पेशंटच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंटला सगळीकडेच शिधा दिला, आणि निम्म्या ठिकाणी घरातल्या बाकीच्यांनाही, माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आपल्या किराण्याच्या यादीतलीच वस्तू बघा, तूरडाळ. ज्या घरांत हा शिधा गेला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाचा जो टीबी दुसऱ्याला लागतो तो ४८ टक्क्यांनी.

तेव्हा पुतण्याच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका, बरा होणार तो गोळ्यांनीच, आणि घरातल्या प्रत्येकाच्या ताटात डाळ, अंडं, शेंगदाणे जे परवडेल ते वाढवा. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात का तेही बघा, आधी ५०० होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार केलेत. येत नसतील तर टीबी सुपरवायझरला बँक पासबुकाची झेरॉक्स द्या.

प्रश्न: कंट्रोल ग्रुप म्हणजे ज्यांना काहीच दिलं नाही ते लोक ना? हे नैतिक आहे का? (बार्शी)

तुम्ही बार्शीहून विचारताय म्हणून तिकडचाच अभ्यास घेऊ. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९च्या शेवटी सुरू झालेला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था मिळून केलेला. १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चार प्रकार, कुणाला एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची), कुणाला पॅप (तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी), कुणाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला, म्हणजे कंट्रोल ग्रुपला, 'नेहमीची सेवा'. आठ वर्षांनी एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, कंट्रोल गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने एवढा फरक पडतो हे जगाला या बायकांमुळे कळलं.

वाद झाला तो त्या 'नेहमीची सेवा' या शब्दांवर. त्या काळी आपल्या खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच. अभ्यास करणारे म्हणतात, जिथे काहीच नाही तिथे कुठली पद्धत परवडेल आणि किती जीव वाचवेल हे तुलना केल्याशिवाय सरकारला कसं पटवणार. टीका करणारे म्हणतात, तपासणीने जीव वाचतात हे बाहेरच्या देशांत आधीच दिसलं होतं, मग इथल्या हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवून फक्त मोजायचं कशासाठी, हे त्यांच्या देशात कुणी करू दिलं असतं का.

मला दोन्ही बाजूंची तळमळ दिसते, पण माझं मन टीका करणाऱ्यांकडे झुकतं. तुलना कशाशी करायची हे संख्याशास्त्र सांगत नाही. 'इथे आहे तेवढंच' हा पाया धरायचा की 'जगात जे उत्तम आहे ते', हे ठरवताना त्या बाईच्या जिवाची किंमत कितीची धरायची हेच आपण ठरवत असतो. आणि कंट्रोल ग्रुप म्हणजे नेहमीच 'काही नाही' असं मात्र समजू नका, बहुतेक औषधांच्या ट्रायलमध्ये त्यांना चालू असलेलं चांगलं औषध देतातच. कुणी तुम्हाला ट्रायलमध्ये घ्यायला आलं तर सही करायच्या आधी विचारा, मी दुसऱ्या गटात पडले तर मला काय मिळणार, आणि अभ्यास संपल्यावर जे चांगलं ठरेल ते मला फुकट मिळणार का. हे विचारणं तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मी आशा आहे. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये बाईचा व्यवसाय विचारलाय, नोकरी, मजुरी, गृहिणी. घरच्या शेतात दिवसभर राबणारी बाई कशात टाकू? वरून सांगतात गृहिणी टाका. पण मग ती कीटकनाशक फवारलेल्या रानात निंदण करते, तिला चक्कर येते, ते कुठे येणार? (यवतमाळ जिल्हा)

ताई, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही 'गृहिणी'वर टिक केलीत की मुंबई-दिल्लीत कुणीतरी कॉम्प्युटरवर बघणार की या गावात चक्कर येणाऱ्या बायका घरात बसणाऱ्या आहेत, आणि तो औषधाच्या फवाऱ्याकडे बघणारच नाही, अ‍ॅनिमिया म्हणून लोहाच्या गोळ्या पाठवून देईल. बाईने मजुरी घेतली नाही म्हणजे ती रानात नव्हतीच असं त्या फॉर्मने ठरवून टाकलं.

वरून सांगतात ते तुम्हाला ऐकावं लागणार, तुमच्या मानधनाचा प्रश्न आहे, मला कळतं. टिक ते सांगतात तिथे करा, पण शेरा लिहायची जागा असते तिथे 'स्वतःच्या शेतात काम, फवारणीच्या दिवसांत निंदण, चक्कर' एवढं लिहा, प्रत्येक अशा बाईच्या फॉर्मवर लिहा. आणि तुमच्या वहीत वेगळी यादी ठेवा, तारीख, कुठल्या पिकात, फवारणी होऊन किती दिवस झाले होते, काय त्रास झाला. महिन्याच्या मीटिंगला ती यादी मेडिकल ऑफिसरपुढे ठेवा, तुमच्या गटातल्या अजून दोघीतिघींना पण ठेवायला सांगा. आणि नावं झाकून त्या फॉर्मचा आणि वहीच्या पानांचा फोटो मला पाठवा, पुढच्या अंकासाठी मी तो प्रश्न घेऊन सर्व्हे बनवणाऱ्यांशी बोलणार आहे.